आईची कवितांची वही छापून घेतली, त्या कोल्हापूरच्या डीटीपीवाल्यांचा रिव्ह्यू

ज्यांच्या घरी आईची, आजीची, मावशीची कवितांची वही ट्रंकेत नाहीतर माळ्यावर पडलेली आहे आणि "तिचं एकदा काहीतरी करायला पाहिजे" असं नुसतं बोललं जातंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत एक छोटं डीटीपी आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे, मुख्य धंदा लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची कार्डं, दहाव्याचे फ्लेक्स असला. तिथून मी आईच्या कवितांचं पुस्तक करून घेतलं. दुकानाचं नाव टाकत नाहीये, दुकानवाल्या काकांनीच नको म्हणून सांगितलं, लग्नसराईत आधीच त्यांचे हात पुरत नाहीत. पण असं काम करून घेताना काय मागायचं, काय विचारायचं, कुठे अडून बसायचं हे या लोकांमुळे मला नीट कळलं, ते कुठल्याही गावात उपयोगी पडेल.

आधी वहीबद्दल सांगते, नाहीतर काम काय होतं ते कळायचं नाही.

माझी आई मूळची कोल्हापूरची. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड. त्या काळात शाळेत एखादीलाच मिळायची, सर्टिफिकेट अजून आहे. ड्रॉइंगच्या सरांनी घरी येऊन आजोबांना सांगितलं की हिला मुंबईला जे.जे. स्कूल ऑफ आर्टला पाठवा, आपल्या कोल्हापूरचेच चित्रकार धुरंधर १८९० साली तिथे शिकायला गेले आणि पुढे तिथेच शिकवायला लागले, त्यांची मुलगी अंबिका, तीसुद्धा तिथूनच १९३१ ला डिप्लोमा झाली, मुलींना जमत नाही असं काही नाही. आजोबांनी सरांना चहा पाजला आणि विचार करतो म्हणाले. वर्षभराच्या आत आईचं लग्न झालं, गडहिंग्लजकडे, एकत्र कुटुंबात. सोबत रंगाची पेटी नेली होती. ती पेटी काही वर्षं कपाटावर होती, मग धाकट्या काकाच्या शाळेच्या प्रोजेक्टला वापरली, मग संपली.

आई कविता लिहायला लागली ती त्यानंतर. मी तिला मोठेपणी विचारलं की चित्रं सोडून कविता का, तर तिचं उत्तर अगदी सरळ होतं. चित्राला उजेडाची जागा लागते, पाणी लागतं, कागद वाळेपर्यंत तो कुणी हलवता कामा नये, आणि सलग दोन तास लागतात. कवितेला पेन्सिल लागते आणि भात शिजेपर्यंतचा वेळ. बास. तिने कवितांसाठी वेगळी वही कधी केलीच नाही, घरखर्चाच्या वहीतच लिहिल्या, हिशोबाच्या खाली, बाजूला, कधी दोन ओळींच्या मधे. म्हणजे एका पानावर तूरडाळ २ किलो, गोडेतेल, रॉकेल, नीळ, साबण, आणि त्याखाली हे:

मला निळा हवा होता.
सासूबाई म्हणाल्या, नीळ संपलीच आहे, घेऊन ये.
आणली.
मामंजींच्या धोतरात
थोडं आभाळ घालून वाळत टाकलं.

मी ही कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा मला स्वतःला मूल झालेलं होतं आणि मी ऑफिसातून सुट्टीवर होते. पुढचं पान उलटायला मला बराच वेळ लागला.

तर अशी वही. पेन्सिलीतलं पुसट अक्षर, वर तेलाचे डाग, मधेच बाबांच्या अक्षरातल्या याद्या, शिवण उसवलेली. ती घेऊन आधी मी पुण्यात एका "तुमचं पुस्तक आम्ही प्रकाशित करतो" वाल्यांकडे गेले होते. नाव घेत नाही, असे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे पॅकेज होतं, सिल्व्हर गोल्ड वगैरे, त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, वेगळे पैसे लावले होते. आयएसबीएन आपल्याकडे सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाची एजन्सी आहे, अर्ज स्वतःला करता येतो, आणि पुस्तक विकायचंच नसेल, घरच्यांना वाटायचं असेल तर त्याची गरजही नाही. हे आधी माहीत करून घ्या. पण पैशापेक्षा मला त्यांचं बोलणं खटकलं. वही चाळून मला म्हणाले, मॅडम हा हिशोब सगळा काढून टाकू, कविता क्लीन करून घेऊ, कुणा नावाजलेल्या कवीची प्रस्तावना लावू, आणि कव्हरला खिडकीत बसलेली बाई. आई शेजारी बसलेली होती. तिच्याकडे एकदाही बघितलं नाही त्यांनी. ती तिथून उठताना वही पिशवीत घालून म्हणाली, "राहू दे, नको छापूया."

म्हणून कोल्हापूरचं हे दुकान मला एवढं महत्त्वाचं वाटतं. मामाने सुचवलं, त्याच्या मुलीची पत्रिका तिथे केली होती. आम्ही गेलो तर काकांनी आधी हात पुसले, मग वही घेतली, आणि टेबलावर सपाट न दाबता एका बाजूला पॅड ठेवून मधोमध उघडली, म्हणजे शिवण आणखी उसवणार नाही. मी सांगायला सुरुवात केली तर मला म्हणाले, "ताई, थांबा जरा, वही काकूंची हाय न्हवं, काकू सांगतील." आणि आईला खुर्ची पुढे ओढून दिली. पहिला प्रश्न: "काकू, हे वाणसामान पण टाईप करायचं काय?"

आई खूप वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, करा. ते काढलं तर कविता कशावर लिहिली ते कळणार कसं.

मला कामाचा दर्जा, कागद, बायंडिंग यावर लिहायचंच आहे, पण या दुकानाला मी एवढे मार्क का देतेय त्याचं खरं कारण हे आहे. लेखिका कोण आहे हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आता कामाचं. स्कॅनिंग पहिलं. जुन्या पेन्सिलीच्या वह्या असतील तर साधी झेरॉक्स अजिबात काढू नका, आणि स्कॅन करताना ब्लॅक अँड व्हाइट मोडवर तर मुळीच नाही, कारण त्यात मशीन प्रत्येक ठिपका काळा नाहीतर पांढरा ठरवते आणि पुसट पेन्सिल थेट पांढऱ्यात जाते, ओळीच्या ओळी गायब. ग्रेस्केल नाहीतर कलर सांगा, टायपिंगपुरतं ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते) चालतं, पण अक्षर तसंच्या तसं छापायचं असेल तर ६०० सांगा. यांनी वही मशीनवर उलटी दाबली नाही, स्टँडला कॅमेरा लावून वरून फोटो काढले, दोन्ही बाजूंनी दिवे. सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर वेगळ्या दिल्या, त्याचे पैसे लावले नाहीत. माझ्या मते पुस्तक झालं नसतं तरी एवढ्यासाठी जाणं वसूल होतं.

टायपिंगला तिथे एक मुलगी आहे, फार तर पंचवीसची असेल. लग्नपत्रिकांमुळे त्यांचं सगळं काम श्रीलिपी नावाच्या जुन्या मराठी फॉन्टात आणि पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जे अजून बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. त्यात अडचण अशी की तो मजकूर नंतर तुम्हाला मोबाइलवर पाठवता येत नाही, पाठवला तर अगम्य चिन्हं दिसतात, आणि पुढे-मागे कुणाला शोधताही येत नाही. म्हणून युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कंप्युटरवर वाचता येतं त्या पद्धतीत, टाईप करून द्या असं सुरुवातीलाच सांगा. पेजमेकर युनिकोड घेत नाही, त्यामुळे त्यांना इनडिझाइन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मांडणी करावी लागली, थोडे जास्त पैसे झाले आणि वेळही गेला, पण आज आईच्या कविता तिच्या भाचीला अमेरिकेत व्हॉट्सअॅपवर जशाच्या तशा वाचता येतात.

या मुलीने शुद्धलेखन आपल्या मनाने सुधारलं नाही हे मला विशेष सांगायचंय. जिथे शंका आली तिथे प्रूफावर पेन्सिलीने छोटं प्रश्नचिन्ह केलं आणि आईला विचारलं. आईने काही बदललं, काही तसंच ठेवलं. एका कवितेत शेवटची ओळ खोडलेली होती आणि खोडलेली असूनही वाचता येत होती, तिच्याबद्दल त्या दोघी किती वेळ बोलत बसल्या होत्या, मी बाहेर जाऊन लस्सी पिऊन आले तरी चालूच. शेवटी ती ओळ पुस्तकात नाही. आईने ठरवलं. मला ती फार आवडायची, मी काही बोलले नाही.

हिशोबाची मांडणी कशी केली तर कविता नेहमीच्या काळ्या अक्षरात, आणि त्या पानावरचं वाणसामान बारीक टाइपात फिक्या राखाडी रंगात समासात. वाचताना डोळा आधी कवितेवर जातो आणि मग कडेला कळतं की त्या दिवशी रवा आणला होता. बाबांच्या अक्षरातल्या याद्या तिरक्या टाइपात आहेत. बाबांना आधी विचारलं होतं, तुमचंही लिहिलेलं त्यात येतंय, चालेल का. ते म्हणाले टाका, आणि मग त्यांनी चष्मा लावून सगळ्या जुन्या बेरजा तपासून दिल्या. हिशोबात एकही आकडा चुकीचा छापला गेला नाही याचं श्रेय त्यांचं.

ही एक आणखी कविता, या मांडणीमुळे ती कशी दिसते ते तुम्हाला कळावं म्हणून देतेय. समासात ग्राइपवॉटर, बाळाची टोपी, डिंक, खोबरं. आणि मधे:

तू झालीस, सगळे म्हणाले गोरी आहे.
मी मनात म्हटलं,
यलो ऑकर, थोडा पांढरा,
गालाला कणभर क्रिमसन.
त्या वर्षी एवढंच चित्र.

ती तू म्हणजे मी. डिंक-खोबरं बाळंतिणीच्या लाडवाचं. समासातली यादी काढून टाकली असती तर कविता फक्त गोड वाटली असती, यादीसकट वाचली की त्या घरातलं सगळं वर्ष दिसतं.

आता कव्हर, इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मला सगळ्यात जास्त आनंदही इथेच झाला. आईचं लग्नाआधीचं एकच चित्र मामाकडे शिल्लक होतं, रंकाळ्याचं, जलरंगातलं, संध्यामठ आणि पाणी. ते कव्हरला घ्यायचं ठरलं. स्क्रीनवर एकदम सुंदर दिसत होतं, पण पहिला कलर प्रूफ आला तो बघून आई म्हणाली, हा माझा निळा नाही, हा जांभळा झालाय. आणि खरंच झाला होता. झालं असं की स्क्रीन उजेडातून रंग दाखवते आणि छपाई निळसर, गुलाबीसर, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शाईंतून, त्यात भडक निळा नेमका मार खातो, आणि त्यातली गुलाबी शाई म्हणजे मॅजेंटा जरा जास्त झाली की निळा जांभळ्याकडे झुकतो. बहुतेक दुकानात याला "प्रिंटमध्ये एवढा फरक येतोच" म्हणून गप्प बसवतात. काकांनी आईला त्या मुलीच्या खुर्चीशेजारी बसवलं आणि सांगितलं, काकू तुम्ही बोला, ती करंल.

माझी आई, जी मोबाइलवर फोटो पाठवायला अजून मला फोन करते, ती तिथे बसून सांगत होती, लाल काढ अजून, एवढा नको, आता पाण्यात थोडा हिरवा येऊ दे कारण कडेला झाडांची सावली आहे, आकाश धुवून काढ, वर फिका आणि खाली गडद होत जाऊ दे. ती मुलगी मॅजेंटाचा आकडा खाली आणत होती, तुकडा प्रिंट काढत होती, आई तो दाराशी नेऊन उन्हात धरून बघत होती, ट्यूबलाइटखाली बघायचा नाही म्हणाली, खोटा दिसतो. एवढ्या वर्षांनी तिला कुणीतरी रंगाबद्दल विचारत होतं आणि ती सांगेल तसं करत होतं, तिला एकही शब्द शोधावा लागत नव्हता. तो तिचा आवाज मी घरात कधी ऐकलेला नाही. स्वयंपाकघरातला, सणावाराचा, आमच्या अभ्यासाचा, सगळे आवाज मला माहीत आहेत, हा वेगळा होता, ठाम आणि घाई नसलेला. माझ्या जन्माआधीपासून तो तिच्यात होता.

मग बाकीचं पटकन सांगते. पानं ८८, साइज डेमीचा, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, आतला कागद ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, पांढराशुभ्र घेऊ नका, राखाडी अक्षर त्यावर डोळ्याला टोचतं. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी केलं की जलरंगाचं चित्र प्लास्टिकचं दिसतं. पन्नास प्रती डिजिटलवर काढल्या, साधारण दीडशे रुपयांच्या आसपास एक प्रत पडली, टायपिंग आणि मांडणी वेगळी. ऑफसेटला प्लेटचा खर्च असतो त्यामुळे काहीशे प्रती असल्याशिवाय तिकडे जाण्यात अर्थ नाही. बायंडिंग परफेक्ट, म्हणजे गरम गोंदाचं, एवढ्या पानांना टिकतं, पण पन्नासच्या आत पानं असतील तर सरळ सेंटर पिन, म्हणजे घडीवर मधोमध पिना, करा, गोंदाला धरायला जाडीच मिळत नाही.

तक्रारी आहेत. कटिंग करताना काही प्रतींत बाहेरचा समास जास्त कापला गेला आणि नेमकं वाणसामानच अर्धं गेलं, "तूरडा" एवढंच उरलं. दाखवल्यावर काही न बोलता त्या प्रती परत छापून दिल्या, पण समासात मजकूर असेल तर कडेपासून निदान अर्धा इंच सोडा असं आधीच सांगा. दुसरं म्हणजे वेळ. दिलेली तारीख पुढे गेली, आणि फोन केला तर काका "आज करतो" म्हणतात, ज्यातून कधी करतो ते कळत नाही, तिथे जाऊन बसलं की काम होतं. पुण्यामुंबईहून फोनवर हे करून घेता येईल असं मला वाटत नाही. आणि पुस्तकाच्या कण्यावर नाव छापायचं राहून गेलं, कपाटात उभं ठेवलं की कुठलं पुस्तक ते कळत नाही. पुढच्या छपाईत घालणार आहेत.

लोक विचारतात की छापून काय उपयोग, कोण वाचणार. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवून ठेवली म्हणून अत्र्यांच्या हातात पडली, आणि पुस्तक आलं १९५२ ला, त्या डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, प्रत्येक ओवीपुढे म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव. मला एवढंच वाटतं की आपल्या घरातली बाई जिवंत असताना, ती स्वतः "ही ओळ ठेव, ही काढ" म्हणू शकते तेव्हा हे व्हावं. नंतर ते आपण ठरवतो, आणि ते तिचं राहत नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कटिंगचा आणि तारखेचा.

अशा एखाद्या दुकानात जाणार असाल तर जून ते सप्टेंबरमध्ये जा, तुळशीच्या लग्नापासून मेअखेरपर्यंत पत्रिकांच्या गठ्ठ्यात तुमची वही मागे पडेल. वही त्यांच्याकडे ठेवू नका, स्कॅन समोर बसून करून घ्या आणि मूळ वही घरी न्या, आमचे काकाही तेच सांगतात. पैसे निम्मे आधी, निम्मे प्रती मोजून घेतल्यावर. छपाईआधी पूर्ण पुस्तकाची एक प्रत डमी म्हणून मागा आणि ती जिने लिहिलंय तिच्या हातात द्या, तुमच्या नाही. पेन्सिल सोबत द्यायला विसरू नका, आणि तिला सगळं पान न् पान बघू दे, लागतील तेवढे दिवस लागू देत.